सव्वा लाख लेखांचं स्थलांतर आणि बावीस अक्षरांची अडचण

पार्श्वभूमी

संस्थेचं नाव सांगत नाही, ओळख पटेल असे तपशीलही बदलले आहेत. हे एका नियतकालिकाचं संकेतस्थळ, ड्रुपल ७ वर, म्हणजे मजकूर चढवण्याच्या आणि दाखवण्याच्या एका तयार प्रणालीच्या सातव्या आवृत्तीवर, उभं केलेलं. लेख सव्वा लाखाच्या आसपास, बहुतेक मराठी, थोडे इंग्रजी. संपादकीय विभागात आठ-नऊ जण, तांत्रिक बाजूला दोघं, आणि स्थलांतरापुरता बाहेरून आलेला मी.

ड्रुपल ७ जानेवारी २०११ मध्ये आलं. त्याची देखभाल थांबण्याची तारीख आधी नोव्हेंबर २०२१ होती. ती पुढे सरकत सरकत अखेर ५ जानेवारी २०२५ वर येऊन थांबली. दर मुदतवाढीला कार्यालयात सगळे हुश्श करायचे आणि विषय पुन्हा बासनात जायचा. यात कुणाला फार दोष देता येत नाही. मजकूर रोज चढतोय, वाचक रोज येताहेत, चालत्या गाड्याची चाकं कोण काढणार? पण यापुढे सुरक्षेच्या दुरुस्त्या मिळणार नाहीत हे पक्कं झालं तेव्हा पळता भुई थोडी झाली.

एक गैरसमज पहिल्याच बैठकीत दूर करावा लागला. ड्रुपलच्या पुढच्या आवृत्तीवर जाणं म्हणजे एक बटण दाबणं, असं व्यवस्थापनाला वाटत होतं. नोव्हेंबर २०१५ मध्ये आलेलं ड्रुपल ८ आतून जवळजवळ नव्याने बांधलेलं होतं. ७ साठी लिहिलेली मॉड्यूल (जादा सोयींचे जोडतुकडे) आणि थीम (दर्शनी मांडणी) त्यावर चालत नाहीत, मजकूरही नव्या रचनेत ओतूनच न्यावा लागतो. म्हणजे ड्रुपलमध्येच राहिलो तरी स्थलांतर काही चुकत नव्हतं.

मजकुरात काय दडलं होतं

पहिले तीन आठवडे आम्ही एकही लेख हलवला नाही, फक्त मोजदाद केली. हा वेळ फुकट जातोय अशी कुरबूर झाली. पुढे जे निभावलं ते याच तीन आठवड्यांमुळे, असं माझं मत आहे.

लेखाचा मुख्य भाग म्हणजे मजकूर, असं आम्ही धरून चाललो होतो. प्रत्यक्षात त्यात बरंच काही पुरलेलं होतं. चित्राच्या जागी दुहेरी चौकटी कंसातली एक खूण असायची, तिच्यात फाइलचा क्रमांक आणि आकार. ड्रुपलचं मीडिया मॉड्यूल पान दाखवताना त्या खुणेचं चित्र करायचं. ड्रुपल काढलं की वाचकाला चित्राऐवजी ती खूणच दिसणार. काही हजार लेखांत चित्राचा अख्खा पत्ता हाताने चिकटवलेला होता, तोही ड्रुपलने तयार केलेल्या लहान आकाराच्या प्रतीचा. आणि एकेचाळीस पानांच्या मजकुरात चक्क पीएचपी, म्हणजे सर्व्हरवर चालणारा प्रोग्रॅम, लिहिलेलं होतं! ड्रुपल ७ च्या गाभ्यातच तशी सोय होती, एक फिल्टर चालू केला की लेखाच्या चौकटीत प्रोग्रॅम लिहिता यायचा. कुणीतरी कधीतरी घाईत तो चालू केला होता. विशेषांकांची सूची, जी वाचक सगळ्यात जास्त उघडतात, ती त्या एकेचाळिसांतलीच एक.

चित्रांच्या पत्त्यांचा निर्णय पटकन झाला. मजकुरातले हजारो पत्ते बदलत बसण्यापेक्षा फाइलींचं जुनं फोल्डर जुन्याच पत्त्यावर, लहान प्रतींसकट, कायमचं ठेवायचं. नवी चित्रं नव्या जागी, जुनी जुन्या जागी. दिसायला ओंगळ, पण त्याने एकही चित्र तुटलं नाही. पीएचपीची पानं एकेक करून हाताने पुन्हा बांधली.

खरा गुंता लेखांच्या पत्त्यांत होता. ड्रुपलमध्ये प्रत्येक लेखाला क्रमांक असतो आणि ‘नोड/४८२१३’ अशा पत्त्यावर तो उघडतोच. वर मथळ्यावरून तयार झालेला वाचनीय पत्ता असतो. मथळा बदलला की नवा पत्ता तयार होतो आणि सेटिंग तसं असेल तर जुनाही जिवंत राहतो. शिवाय छापण्यासाठीच्या पानाचा पत्ता वेगळा. एकाच लेखाचे चार-पाच पत्ते सहज निघायचे, आणि बाहेरच्या जगाने त्यांतल्या कुठल्याही पत्त्याचा दुवा दिलेला असू शकतो.

पर्याय

चार पर्याय फळ्यावर होते. ड्रुपल १० वर जाणं, वर्डप्रेस या तशाच दुसऱ्या प्रणालीवर जाणं, जुना संग्रह स्थिर एचटीएमएल पानांत गोठवून फक्त नव्या लेखांसाठी नवी प्रणाली आणणं, आणि मजकूर एका प्रणालीत ठेवून दर्शनी भाग पूर्ण वेगळा लिहिणं. शेवटचा पर्याय दोन तंत्रज्ञांच्या बळावर पेलणारा नव्हता, तो अर्ध्या तासात गळला.

ड्रुपल १० च्या बाजूने जोरदार मुद्दा होता. त्याच्या गाभ्यातच स्थलांतराची यंत्रणा आहे आणि ड्रुपल ७ चा डेटाबेस तिला वाचता येतो. विरोधात संपादकीय विभाग होता, एकमुखाने. त्यांतल्या बहुतेकांनी वर्डप्रेस हाताळलेलं होतं आणि ड्रुपलच्या पडद्यांना ते कंटाळले होते. रोज आठ तास जी माणसं यंत्रणा वापरणार त्यांचं ऐकायचं, असं ठरलं.

तिसरा पर्याय, संग्रह गोठवण्याचा, मला मनातून आवडत होता आणि आजही आवडतो. पण संपादकांना जुने लेख दुरुस्त करायचे असतात, विषयांच्या याद्यांत ते नव्या लेखांशेजारी दिसायला हवे असतात. गोठवलेल्या पानांत हे जमत नाही. निवड वर्डप्रेसची झाली.

पत्त्यांचा निर्णय

वर्डप्रेसवर जायचं ठरल्यावर दोन दिवसांत पहिला खड्डा लागला. चाचणीसाठी दोन हजार लेख आत घेतले आणि ‘वाचकांच्या प्रश्नांची उत्तरे’ या साप्ताहिक सदराचे पत्ते विचित्र दिसू लागले. पहिल्या लेखाचा पत्ता ‘वाचकांच्या-प्रश्नांची-उत’ इथेच तुटलेला. दुसऱ्याचा ‘वाचकांच्या-प्रश्नांची-उ-२’. मग ‘उ-३’, ‘उ-४’, असं पार शंभराच्या पुढे.

कारण असं. वर्डप्रेस पत्त्यातला मथळ्याचा भाग टक्का-चिन्हांच्या सांकेतिक रूपात साठवतं आणि त्या रकान्याची मर्यादा २०० आहे. देवनागरीचं प्रत्येक चिन्ह यूटीएफ-८ मध्ये, म्हणजे संगणकाच्या अक्षरं साठवण्याच्या प्रचलित पद्धतीत, तीन बाइट घेतं आणि प्रत्येक बाइट सांकेतिक रूपात तीन अक्षरांचा होतो. म्हणजे एका चिन्हाला नऊ जागा. दोनशे भागिले नऊ, बावीस. आणि ही बावीस आपण बोलतो ती अक्षरं नव्हेत. काना वेगळा, अनुस्वार वेगळा, जोडाक्षरातलं हलन्त वेगळं. ‘प्रश्नांची’ या एकाच शब्दाची दहा चिन्हं होतात. इंग्रजीत दोनशे अक्षरांचा ऐसपैस पत्ता मिळतो, मराठीत अडीच शब्दांत वाट संपते. ड्रुपल हेच पत्ते सांकेतिक न करता साठवतं आणि तिथे मर्यादा २५५ अक्षरांची, म्हणून इतकी वर्षं हा प्रश्न कुणाला दिसलाच नव्हता.

इथे आम्ही सगळ्यात जास्त वेळ घालवला. तंत्रज्ञांतल्या एकाचं म्हणणं होतं की डेटाबेसमधला रकाना रुंद करून टाकू. पण दोनशेचा आकडा रकान्यापुरता नाही, मथळ्याचा पत्ता करणाऱ्या गाभ्यातल्या फंक्शनमध्येही तोच आहे. दोन्हीकडे हात घालायचा आणि पुढच्या प्रत्येक अद्ययावतीकरणाला ते टिकलं का हे पाहत बसायचं, हे मला नको होतं. दुसरी सूचना रोमन लिपीतल्या पत्त्यांची. संपादकांना ती पसंत नव्हती आणि त्यांचं बरोबर होतं. रोमनमध्ये ‘पाट’ आणि ‘पात’ एकाच वेशात उभे राहतात.

शेवटी मथळाच पत्त्यातून काढला. पत्ता म्हणजे फक्त लेखाचा क्रमांक, आणि क्रमांक ड्रुपलमधलाच. वर्डप्रेसमध्ये लेख आत घेताना हवा तो क्रमांक मागता येतो, तो मोकळा असेल तर मिळतो. अट एकच. वर्डप्रेस लेख, चित्रं, मेनूतल्या नोंदी, जुन्या आवृत्त्या या सगळ्यांना एकाच तक्त्यातून क्रमांक वाटतं. चित्रं आधी आत घेतली तर ती लेखांचे क्रमांक बळकावतात. म्हणून आधी नव्या स्थापनेतली नमुना-पानं पुसली, मग सगळे लेख घेतले, आणि त्यानंतरच चित्रं. हा क्रम आम्हाला पहिल्या प्रयत्नात सुचला नव्हता. दुसऱ्या प्रयत्नात सुचला.

क्रमांक तोच राहिल्याचा फायदा लगेच दिसला. ‘नोड/…’ आणि छपाईच्या पानांचे सगळे पत्ते दोन नियमांत मिटले. उरले मथळ्यांवरून झालेले जुने पत्ते. त्यांचा एक तक्ता केला, जुना पत्ता आणि लेखाचा क्रमांक.

रंगीत तालीम

जुन्या सर्व्हरच्या एका महिन्याच्या नोंदवह्या, म्हणजे कुणी कुठला पत्ता मागितला याच्या नोंदी, घेतल्या, त्यातले वेगवेगळे पत्ते काढले आणि ते सगळे चाचणीच्या साइटवर मारले. डेटाबेसवरून केलेली कुठलीही यादी याच्या जवळपास पोचत नाही. आरएसएसचे विसरलेले पत्ते, विषयांच्या यादीचं सतरावं पान, कुण्या काळी ईमेलमधून पाठवलेले दुवे, हे सगळं तिथेच सापडतं.

पहिल्या तालमीचा निकाल बघून आम्ही चक्रावलो. इंग्रजी पत्ते जवळजवळ सगळे पास, मराठी सगळे नापास. एकही अपवाद नाही. इतकं स्वच्छ अपयश असलं की कारण साधं असतं, आणि तसंच निघालं. आम्ही तक्ता एनजिनएक्समध्ये, म्हणजे पानं पुरवणाऱ्या सर्व्हर-प्रोग्रॅममध्ये, ठेवला होता आणि आलेला पत्ता कच्च्या, सांकेतिक रूपात ताडून पाहत होतो. तक्त्यातल्या सांकेतिक रूपातली रोमन अक्षरं लहान लिपीतली (‘e0’) होती, कारण वर्डप्रेसची फंक्शनं तशी देतात. ब्राउझर मोठ्या लिपीत (‘E0’) पाठवतात. आरएफसी ३९८६ या मानकानुसार दोन्हींचा अर्थ एकच, पण अक्षराला अक्षर ताडणाऱ्या तक्त्याला त्याचं काय?

यावर जुजबी इलाज होता, तक्ता मोठ्या लिपीत करणं. त्याऐवजी आम्ही पुनर्निर्देशन, म्हणजे जुन्या पत्त्यावरून नव्यावर पाठवण्याचं काम, एनजिनएक्समधून काढून एका छोट्या पीएचपी तुकड्याकडे दिलं. पान न सापडल्यास तो आलेला पत्ता उलगडून मूळ देवनागरीत आणतो, युनिकोडच्या (सगळ्या लिप्यांच्या सामायिक चिन्हसंचाच्या) एकाच प्रमाण रूपात बसवतो, शेवटची तिरपी रेघ काढतो आणि मग तक्त्यात शोधतो. थोडा सावकाश, पण समजायला सोपा.

याच सुमारास एका वरिष्ठांनी सुचवलं की जो पत्ता कशातच बसणार नाही तो सरळ मुखपृष्ठावर पाठवा, वाचक रिकाम्या हाताने जायला नको. हेतू चांगला. पण लेख शोधायला आलेला माणूस मुखपृष्ठावर येऊन पडला की त्याला वाटतं आपलंच काही चुकलं. गूगलही अशा सरसकट पुनर्निर्देशनाला न सापडलेलं पानच धरतं. आम्ही नकार दिला. मुद्दाम काढलेल्या लेखांना ४१० (‘कायमचं काढलं’), बाकीच्यांना ४०४ (‘सापडलं नाही’) आणि त्या पानावर शोधाची चौकट.

दर्या आणि दऱ्या

प्रत्यक्ष बदलाला नऊ दिवस उरले होते. सगळे आकडे जुळत होते, लेखांची संख्या, लेखकांची संख्या, प्रत्येक लेखातली शब्दसंख्यासुद्धा. मुद्रितशोधन करणाऱ्या एक ज्येष्ठ बाई सहज म्हणून नव्या साइटवर एक प्रवासलेख वाचत होत्या. त्यांनी मला हाक मारली.

“अहो, इकडे या जरा. डोंगरात हा दर्या कुठून आला?”

मूळ लेखात ‘डोंगर-दऱ्या’ होतं. नव्या साइटवर ‘डोंगर-दर्या’. खाली ‘वार्यावर’, ‘दुसर्या’, ‘पायर्या’. त्यांनी आणखी तीन लेख उघडले. दोनांत तेच.

मराठीतला ‘ऱ्या’ दोन तऱ्हांनी टंकता येतो. एक, युनिकोडमधला खास ऱ आणि त्याला हलन्त. दुसरी, साधा र, हलन्त आणि पुढे शून्य रुंदीचं एक जोडचिन्ह. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात. आमच्या संग्रहात दोन्ही होते, टंकणारा बदलला की तऱ्हा बदलायची. आता, मजकुरात इतर अदृश्य चिन्हांचा कचराही बराच होता, वर्डमधून चिकटवताना आलेला, आणि त्याने शोध बिघडायचा. म्हणून शून्य रुंदीची सगळी चिन्हं पुसणारी एक ओळ मी स्वतः लिहिली होती. कचऱ्याबरोबर जोडचिन्हही गेलं आणि जिथे जिथे दुसरी तऱ्हा होती तिथे रफार उभा राहिला.

शब्दसंख्या जुळणारच होती, शब्द कुठे कमी झाले होते? पंचवीस पानांच्या पडदाप्रती शेजारी ठेवूनही पाहिल्या होत्या, पण आमचे डोळे मांडणीवर होते. सव्वा लाख लेख आमच्या हातांखालून गेले आणि वाचला असा एकही नाही.

उपाय तासाभराचा होता. आधी ‘र, हलन्त, जोडचिन्ह’ या त्रयीच्या जागी खास ऱ बसवायचा, मग उरलेला कचरा पुसायचा आणि लेखांचा मजकूर पुन्हा आत घ्यायचा. आमची आयात पुन्हा पुन्हा चालवता येईल अशी होती, क्रमांकावरून लेख ओळखून ती फक्त मजकूर बदलायची. पण एक पाचर होती. महिनाभरापूर्वी आम्ही संपादकांना नव्या प्रणालीचा हात बसावा म्हणून प्रवेश दिला होता आणि त्यांनी उत्साहाने साडेतीनशेच्या वर जुने लेख सुधारून ठेवले होते. पुन्हा आयात म्हणजे ती मेहनत पाण्यात.

दोन वाटा होत्या. सगळं पुन्हा आत घेऊन संपादकांची माफी मागायची, किंवा त्यांनी हात लावलेले लेख वगळायचे. आम्ही दुसरी धरली. वर्डप्रेसमधली बदलाची तारीख आयातीनंतरची असेल ते लेख बाजूला काढले, बाकीचे पुन्हा घेतले. बाजूला काढलेल्यांत यंत्राने दुरुस्ती करता येत नव्हती, कारण पुसलेलं जोडचिन्ह कुठे होतं आणि लेखकाने खराच रफार कुठे दिला होता हे कळायला मार्ग नव्हता. ‘कार्य’ तसंच राहायला हवं आणि ‘पायर्या’ बदलायला हवं. ते लेख बाईंनी आणि त्यांच्या सहकाऱ्याने वाचून काढले. बदल अकरा दिवसांनी पुढे गेला.

बदलाची रात्र

इथे सांगण्यासारखं कमी आहे. दोन दिवस आधी डीएनएसची मुदत, म्हणजे संकेतस्थळाच्या नावामागचा सर्व्हर इतर यंत्रं किती वेळ लक्षात ठेवतात तो काळ, ३०० सेकंदांवर आणली, संध्याकाळी सहाला जुनी साइट लेखनासाठी बंद केली, शेवटच्या आयातीनंतर झालेले बदल वेळेवरून गाळून आत घेतले आणि पहाटे वाहतूक नव्या सर्व्हरकडे वळवली. माघार कधी घ्यायची हे आधीच कागदावर लिहून सगळ्यांच्या सह्या घेतल्या होत्या. तो कागद लागला नाही. पुनर्निर्देशनं पहिला आठवडा ३०२, म्हणजे तात्पुरती, ठेवली. ३०१, म्हणजे कायमची, ब्राउझर लक्षात ठेवतात, आणि चुकीचं ३०१ वाचकाच्या यंत्रातून परत काढून आणता येत नाही.

एक गोष्ट निसटली. बदललेले लेख वेळेवरून ओळखता येतात, काढून टाकलेले नाही, कारण त्यांची ओळच उरत नाही. मधल्या काळात संपादकांनी जुन्या साइटवरून सहा लेख काढले होते. ते नव्या साइटवर सकाळी हजर झाले. त्यांतला एक तक्रारीवरून मागे घेतलेला होता. कुणाच्या लक्षात येण्याआधी, साडेआठला, आम्ही दोन्हीकडच्या क्रमांकांच्या याद्या ताडल्या आणि ते काढले. ही तपासणी रात्रीच्या यादीत असायला हवी होती.

वाचकांच्या खात्यांचे पासवर्ड नेले नाहीत. दोन्ही प्रणाल्या ते वेगवेगळ्या पद्धतीने गुप्त करतात. जोडणी लिहिण्यापेक्षा सगळ्यांना नवा पासवर्ड ठेवायला सांगितलं. कुरकुर झाली, चार दिवसांत विरली.

निकाल

शोधयंत्रांतून येणारी वर्दळ पहिले तीन आठवडे उतरली आणि दुसऱ्या महिन्याच्या शेवटी पूर्वीच्या पातळीला आली. पहिल्या दिवशी पुनर्निर्देशनाच्या तुकड्यावर मात्र ताण आला, कारण साइटवर फिरणारे यंत्रमानव (शोधयंत्रांचे वगैरे आपोआप चालणारे प्रोग्रॅम) वर्षानुवर्षं मेलेले पत्ते विचारत बसतात आणि प्रत्येकासाठी डेटाबेस उघडत होता. ‘सापडलं नाही’ हे उत्तरही काही तास साठवून ठेवल्यावर तो निवळला. चार महिन्यांचं काम साडेसहा महिन्यांत झालं. पुनर्निर्देशनं निदान वर्षभर ठेवावीत असं गूगल सांगतं, आम्ही ती काढायची नाहीत असंच ठरवलंय. तक्ता लहान आहे, त्याचं ओझं नाही.

पुन्हा करायचं झालं तर

संपादकांना सरावासाठी वेगळी, नंतर पुसली जाणारी साइट देईन. खरी साइट अखेरच्या आयातीपर्यंत कुणाच्या हाती देणार नाही. आमचे अकरा दिवस बहुतांशी यातच गेले.

मजकूर साफ करण्याचं काम स्थलांतरातून पूर्ण वेगळं काढेन. आहे तसा मजकूर आधी न्यावा, कचरा नंतर पुसावा, म्हणजे फरक दिसला तर कुणामुळे हे तरी कळतं. मी दोन्ही एका ओळीत उरकलं होतं. आणि कुठल्या चिन्हांची संख्या आयातीपूर्वी आणि नंतर किती, हे प्रत्येक युनिकोड चिन्हागणिक मोजेन. दहा मिनिटांचा प्रोग्रॅम आहे. जोडचिन्हांचा आकडा शून्यावर आलेला पाहून कुणीही थबकलं असतं.

क्रमांकाच्या पत्त्यांबद्दल मात्र माझं मन पूर्ण स्वच्छ नाही. ते कधी तुटणार नाहीत हे खरं, पण दुवा पाहून लेख कशाबद्दल आहे हे वाचकाला कळत नाही, आणि संपादक अधूनमधून ती आठवण करून देतात. क्रमांकापुढे मथळ्याचे पहिले दोन-तीन शब्द नुसते शोभेला जोडायचे, लेख शोधताना ते विचारातच घ्यायचे नाहीत, अशी एक सोय तयार करून ठेवली आहे. ती चालू करायची की नाही यावर पुढच्या महिन्यात बैठक आहे.